पाकिटातलं नाव

सरळच सांगते. मला मालिनीचा हेवा वाटतो. हेवा म्हणणं तसं सभ्यपणाचं झालं, खरं म्हणजे माझा जळफळाट होतो. चर्चच्या पार्किंगमध्ये ती गाडीतून उतरताना दिसली तरी माझं डोकं फिरतं. का, ते सांगते, आणि पेंटेकॉस्टच्या रविवारी मी काय करून बसले तेही सांगते. मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

आमची मराठी मंडळी अमेरिकेतल्या नेपरव्हिलची, साठेक माणसांची. चर्चची इमारत अमेरिकन मेथडिस्ट लोकांची. सकाळी त्यांची भक्ती होते, ते कॉफी पिऊन घरी जातात, आणि दुपारी एक वाजता तेच चर्च आमचं होतं. कुणी नगरचं, कुणी पुण्याचं, कुणी सोलापूरचं. मी नगरची, नर्सिंग मिरजेला केलं. मालिनी नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, शनिवार-रविवार मोकळी. सगळं दुखणं तिथेच आहे. शनिवार-रविवार मी हॉस्पिटलात असायची.

शेरॉन, माझी एकुलती एक, पाच वर्षांची झाली तेव्हा मी वीकएंडची शिफ्ट मागून घेतली. का? तर आठवडाभर पोरगी शाळेतून आल्यावर घरात आई असावी म्हणून. तिचा डबा, तिचं होमवर्क, स्विमिंगचा क्लास, दातांच्या तारा, सगळं मी केलं. रविवारी मात्र तिचा पप्पा तिला चर्चला न्यायचा. राजीव तिथे तबल्यावर बसतो, मग पोर कुणाजवळ बसणार? फोन मीच केला होता. "मालिनी, शेरॉनकडे जरा लक्ष ठेवशील का गं?"

जरा! बाईने अकरा वर्षं लक्ष ठेवलं.

आधी शेरॉन घरी येऊन सांगायची, "मालिनी मावशीने गाणं शिकवलं." मग सुरू झालं, "मालिनी मावशी म्हणते असं बोलू नये." मग माझ्या हातच्या रश्शाला, "मालिनी मावशी यात खोबरं भाजून घालते." एकदा मी वेणी घालायला बसवलं तर म्हणाली, "नको, मालिनी मावशी घट्ट घालते, ती दिवसभर टिकते." मी कंगवा टेबलावर आपटला. आता मला सांगा, त्या बाईला स्वतःचे दोन मुलगे आहेत. थोरला तर सहा फूट उंच. देवाने पदरात टाकलंय ना तुझ्या? मग माझ्या एकुलतीवर कशाला डोळा?

राजीवला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, जाऊ दे ना यार. पोरीला माया लावते, त्यात वाईट काय आहे?" पुरुषांना यातलं काही कळत नाही.

गेल्या वर्षी मी भांडून शिफ्ट बदलून घेतली आणि रविवारी चर्चला जायला लागले. तोवर शेरॉन पंधरा वर्षांची झाली होती आणि पुढून दुसऱ्या बाकावर, मालिनीच्या शेजारी, तिची जागा पक्की झाली होती. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "शेरॉन, ये, माझ्याजवळ बस." तर म्हणते कशी, "मम्मी, आय ऑलवेज सिट हिअर." तेही प्रेमाने म्हणाली, उर्मटपणे नाही. उर्मटपणे म्हणाली असती तर निदान दोन शब्द सुनावता आले असते. राजीव तबल्यावर, पोरगी मालिनीजवळ, आणि मी एकटी बाकावर, मंडळीत नवीन आल्यासारखी.

आता आमची एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सोळाव्या वर्षी मुलांचं दृढीकरण होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी दिलेली वचनं मूल स्वतःच्या तोंडाने देतं, आणि त्या दिवसापासून त्याला प्रभुभोजनात भाकर मिळते. इतकं सगळीकडेच असतं. पण आमच्या पहिल्या पाळकसाहेबांनी इथे एक जास्तीचं घालून ठेवलंय. मुलाने एका कार्डावर एकच नाव लिहायचं, मला प्रार्थना करायला कुणी शिकवलं. कार्ड पाकिटात बंद करून द्यायचं, कुणाला आधी सांगायचं नाही. पाळकसाहेब भर भक्तीत पाकीट फोडतात, नाव वाचतात, ती व्यक्ती पुढे येऊन मुलाच्या खांद्यावर हात ठेवते, आणि तिने शिकवलेली पहिली प्रार्थना दोघं मिळून म्हणतात. बहुतेकांची प्रभूची प्रार्थनाच असते, ती सगळ्यांना पाठ असते.

आणि बहुतेकांच्या पाकिटात आईचंच नाव असतं. मी ऐकलंय त्याप्रमाणे एकदाच आजीचं निघालं होतं, तर त्या पोराची आई नंतर जेवायलाही थांबली नाही. वर्षं उलटली तरी बायका अजून ते सांगतात.

मला ते नाव हवं होतं. लपवून काय करू? साठ माणसांसमोर, मालिनीच्या देखत, माझं नाव वाचलं जायला हवं होतं. रात्रपाळ्या करून, रविवार घालवून मी जे वाढवलं ते माझं आहे, हे एकदा तरी कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

महिनाभर मी शेरॉनच्या मागे आडून आडून फिरले. "कार्ड लिहिलंस का?" "येस, मम्मी." "नीट विचार करून लिहिलंस ना?" "येस, मम्मी." "अगं, म्हणजे घाईत काहीतरी..." "मम्मी, इट्स डन." सरळ विचारायला माझी जीभ रेटेना. का म्हणून विचारायचं मी? आईचं नाव न विचारता यायला हवं.

त्या रविवारी प्रभुभोजनाची मांडामांड नेमकी माझ्याकडे होती. साडेबाराला पोचले. वेदीवर पांढरं कापड घातलं, भाकरीचं ताट ठेवलं, आणि द्राक्षरसाचे पेले आणायला मागच्या खोलीत गेले. पाळकसाहेबांच्या टेबलावर दोन पाकिटं होती. एक जयचं, म्हणजे विनीताच्या मुलाचं, त्याचंही दृढीकरण त्याच दिवशी होतं. दुसऱ्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं, 'शेरॉन'. अर्पणासाठी प्रत्येक बाकाला जी पांढरी पाकिटं लावलेली असतात, त्यातलीच ती दोन.

मी नुसतं उजेडापुढे धरून बघणार होते. खरंच, तेवढंच मनात होतं. पण उजेडापुढे काही दिसेना. आणि अगदी तसल्याच कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा शेजारच्या कपाटात समोरच दिसत होता. मी फाडलं.

'मालिनी मावशी.'

मराठीत! वाकड्यातिकड्या अक्षरांत, पण मराठीत. माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर कार्टी 'लव्ह यू मॉम' पलीकडे जात नाही, आणि या बाईसाठी काना-मात्रा शिकलीय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस तास कळा कुणी दिल्या? तापात रात्र रात्र उशाशी कुणी बसलं? आणि नाव हिचं? हिने काय केलं, तर रविवारी दोन तास शेजारी बसली, गोड बोलली, वेणी घातली. दोन तास कुणीही गोड बोलेल. बाकीचे एकशे सहासष्ट तास सांभाळून दाखव म्हणावं!

कोरी कार्डं टेबलावरच होती. एक घेतलं, डाव्या हातात पेन धरलं आणि लिहिलं, 'मम्मी'. नव्या पाकिटावर 'शेरॉन' घातलं, थुंकी लावून बंद केलं आणि जयच्या पाकिटाशेजारी नीट ठेवून दिलं. जुनं कार्ड पर्समध्ये टाकलं. दोन मिनिटांचं काम. मग हात धुतले आणि पेले एकेक करून ट्रेमध्ये लावले. एकही थेंब सांडला नाही.

एक वाजता सगळे जमले. मालिनी मोरपंखी साडी नेसून आली होती, कोरी करकरीत, घडी मोडलेली दिसत होती. शेरॉन पांढऱ्या ड्रेसमध्ये. तो ड्रेस मी तीन दुकानं हिंडून आणला होता, आणि त्याची कॉलर कोण नीट करत होतं? मालिनी. सुरुवातीच्या गीताला सगळे उभे राहिले, राजीवने ठेका धरला, आणि मी गाताना त्या दोघींच्या पाठींकडे बघत होते. एकाच पुस्तकातून गात होत्या. प्रत्येक बाकावर चार-चार पुस्तकं आहेत.

गीत झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आपण आपली पापं प्रभूपुढे कबूल करू या." सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, मीही म्हटलं, चांगलं खणखणीत. शब्द तोंडाने चालले होते आणि मनात मी वेगळंच म्हणत होते. ही चोरी नाही. माझी वस्तू हिने अकरा वर्षं वापरली, मी ती परत घेतली. देवाला सगळं कळतं म्हणतात ना, मग त्याला हेही कळेल. पर्स मी मांडीवर घट्ट धरली होती.

मग शास्त्रवाचन. तेही मालिनीचंच! वाचते छान, ते मी नाकारत नाही. घाई नाही, शब्द सुटा, स्वर खाली. तेवढ्यानेही माझं पित्त खवळलं. वाचून ती जागेवर परतली तेव्हा शेरॉनने हळूच तिला अंगठा दाखवला. मी गेल्या नाताळात वाचलं होतं, मला कुणी अंगठा दाखवला नव्हता.

पाळकसाहेबांचा संदेश पंचवीस मिनिटं चालला. आमचे आढाव पाळकसाहेब चांगले बोलतात, लोक नंतर म्हणाले की त्या दिवशी फारच छान बोलले. मला विचाराल तर एक अक्षर सांगता येणार नाही. मी वेदीवरच्या त्या दोन पाकिटांकडे बघत बसले होते. मध्येच भीती वाटली, आत कार्ड घातलं ना मी? मग आठवलं, घातलं. मग अर्पणाची थाळी फिरली. त्यात सगळी पांढरी पाकिटंच पाकिटं. थाळी मी पटकन पुढे सरकवली.

शेवटी पाळकसाहेबांनी जय आणि शेरॉनला पुढे बोलावलं. दोघांना वचनं विचारली. सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या कामांचा त्याग करतेस का? शेरॉन म्हणाली, "करते." तिचं 'र' अमेरिकन आहे, पण आवाज स्वच्छ होता, जराही कापला नाही. माझा ऊर भरून आला. माझी पोरगी, माझी, असं मी मनात म्हणत राहिले.

जयचं पाकीट आधी फोडलं. "आई." विनीता डोळे पुसतच पुढे गेली, दोघांनी प्रभूची प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पाळकसाहेबांनी दुसरं पाकीट उचललं.

अशा वेळी कुठलीही आई पोरीकडे बघेल. मी मालिनीकडे बघत होते. पाकीट फाटल्याचा आवाज आला आणि मालिनी अर्धी उठलीसुद्धा! पुढच्या बाकाला धरून, पदर खांद्यावर घेऊन, अर्धी उठली.

"मम्मी," पाळकसाहेब म्हणाले.

मालिनी तशीच थांबली. मग निऱ्या सारख्या करायलाच उठल्यासारखं करून खाली बसली. आणि मला काय वाटलं ते सांगू? गारेगार वाटलं. अकरा वर्षांनी छातीत पहिल्यांदा गारवा आला. मी पर्स बाकावर ठेवली आणि मधल्या वाटेने चालत पुढे गेले, ताठ मानेने. बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. राजीवने तबल्यावरून अंगठा दाखवला.

मग मी शेरॉनकडे बघितलं. ती पाळकसाहेबांच्या हातातल्या कार्डाकडे बघत होती. निळ्या पेनाने तिने लिहिलं होतं, हे काळ्या पेनाचं होतं. तिने कार्ड बघितलं, मला बघितलं, परत कार्ड बघितलं. सोळा वर्षांची आहे, खुळी नाही. चेहरा मात्र हलला नाही तिचा. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिने खांदा काढूनही घेतला नाही.

"सुवर्णाताई," पाळकसाहेब म्हणाले, "शेरॉनला प्रार्थना करायला तुम्ही शिकवलंत?"

"होय." 'प्रभूच्या साहाय्याने' असं पुढे म्हणायचं असतं, ते माझ्या तोंडून निघालं नाही.

"मग ती पहिली प्रार्थना दोघी मिळून म्हणा."

मी प्रभूची प्रार्थना सुरू केली. आणखी कुठली असणार? पहिली ओळ म्हटली. शेरॉन गप्प. दुसरी म्हटली. गप्प. माझ्या एकटीचा आवाज त्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये घुमत होता. खाली बघितलं तर शेरॉनने उजवा हात छातीवर ठेवला होता. मला वाटलं घाबरली. मग तिची नजर जिथे होती तिकडे बघितलं. दुसऱ्या बाकावर मालिनीनेही तस्साच हात छातीवर ठेवला होता, तिच्याही नकळत, आणि तिचे ओठ काहीतरी म्हणायला उघडले होते. माझ्या प्रार्थनेतलं नव्हतं ते.

मालिनीने ओठ मिटले. हात खाली घेतला आणि शेरॉनकडे बघून मान हलवली, अगदी थोडीशी. नको, म्हण तिच्याबरोबर, अशी.

शेरॉनने हात खाली घेतला. तिसऱ्या ओळीपासून ती माझ्यात मिसळली, आणि इतक्या मोठ्याने म्हणायला लागली की माझा आवाज बुडाला. मंडळीला वाटलं, पोरीचा गळा दाटून आला होता, आता मोकळा झाला. सगळेच म्हणायला लागले. मला मात्र कळलं. ही माझी लाज झाकत होती. देवाला पहिलं वचन देऊन दोन मिनिटं झाली नव्हती, आणि आईसाठी भर वेदीपुढे खोटं बोलत होती माझी पोर.

याची मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण खोटं कशाला बोलू, त्याच्याही वर मला दुसरंच झोंबलं. या दोघींची एक प्रार्थना आहे. हात छातीवर ठेवून म्हणायची. आणि ती मला माहीत नाही.

टाळ्या झाल्या. मग प्रभुभोजन. रीतीप्रमाणे जय, विनीता आणि आम्ही दोघी सगळ्यांत आधी कठड्यापाशी गेलो, गुडघे टेकले. पाळकसाहेब जय आणि विनीताला भाकर देत होते तेवढ्यात शेरॉन समोर बघतच पुटपुटली, "मम्मी, दॅट वॉजन्ट माय कार्ड."

"गप्प बस," मी म्हटलं, "हात पुढे कर."

तिने हात पुढे केले. भाकर घेतली, द्राक्षरस घेतला. मीही घेतला.

परत येताना ती मालिनीकडे वळली नाही. माझ्या मागोमाग आली आणि माझ्या बाकावर बसली, वर्षभरात पहिल्यांदाच. बाकीचे रांगेने पुढे जात होते, पेटी हळू चालू होती. येणाऱ्याजाणाऱ्या बायका आमच्याकडे बघून मान डोलवत होत्या. काय छान मायलेकी, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"का केलंस?" शेरॉनने विचारलं. मराठीत.

"मी तुझी आई आहे म्हणून."

"आय नो दॅट. आय ऑलवेज न्यू दॅट." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाचा होता. राग माझ्याकडूनच आलाय तिच्यात. "तू मला विचारायचं ना. तू एकदा विचारलं असतंस तर मी तुझंच नाव लिहिलं असतं. मालिनी मावशीला सांगितलं असतं, मम्मीला पाहिजे आहे. ती हो म्हणाली असती."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. विचारलं असतंस तर. महिनाभर मी कार्डाची चौकशी करत हिंडले आणि हे एक वाक्य बोलले नाही. त्यातही, बघा हं, 'ती हो म्हणाली असती' हे ऐकून परत कळ उठलीच. म्हणजे मला मिळालं असतं तेही तिच्या मेहेरबानीने!

"तुमची ती प्रार्थना कुठली आहे?" मी विचारलं. "हात असा ठेवून म्हणता ती."

शेरॉनने माझ्याकडे बघितलं. "ती मी नाही सांगणार. ती तिने बनवलीय, मी लहान असताना. तिला विचार."

पाळकसाहेबांनी शेवटचं गीत सांगितलं. सगळे उभे राहिले. मी पर्समधून कार्ड काढलं आणि बाकातून बाहेर आले. गाणं चालू असताना मधल्या वाटेने कुणी चालत नाही आमच्यात, राजीवचा ठेका चुकला. मी पुढून दुसऱ्या बाकापर्यंत गेले आणि मालिनीच्या शेजारी, शेरॉनच्या रिकाम्या जागी उभी राहिले. कार्ड तिच्या हातात दिलं.

तिने खाली बघितलं. अंगठा त्या वाकड्या अक्षरांवरून एकदा फिरवला.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "शेरॉनला राहवलं नाही, मागच्या रविवारीच सांगितलं तिने." गाणं सोडून ती समोर बघत होती. "पाळकसाहेबांनी दुसरं नाव वाचलं तेव्हाच समजलं मला, हे कोणाचं काम आहे."

मला 'चुकले' म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं, शब्द जिभेवर होता. पण माझी जीभ मेली कधी वेळेला सरळ वळलीय? बाहेर पडलं ते वेगळंच. "तुमची ती प्रार्थना," मी म्हटलं, "मला शिकवशील?"

मालिनी वळली. डोळे लाल झाले होते तिचे. अकरा वर्षांत ती माझ्याशी शुद्ध, गोड, जपून बोलत आली होती. तिच्या तोंडून नागपूरचा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"काहून?" ती म्हणाली. "तीही घ्यायचीय का तुला?"

आजूबाजूला सगळे मोठमोठ्याने गात होते. ती उत्तराची वाट बघत होती, आणि मला 'नाही' म्हणता येईना. कारण हवी होती. तीही हवी होती मला.